रात्री दोनला उठणारं डोकं आणि मेलाटोनिनची गोळी

परभणीत कुठल्याही मेडिकलवर जा, काउंटरवर कोपर टेकवून नुसतं म्हणा की भाऊ झोप येईना, की समोरचा पोरगा आधी विचारतो, साधी देऊ का भारी? भारी म्हणजे ती, जी चिठ्ठीशिवाय द्यायची नसते पण ओळखीत निघते. आणि साधी म्हणजे आजकाल मेलाटोनिन, ३ मिलिग्रॅमची, ५ ची, १० ची पण मिळते, आणि तोंडात विरघळणारी पण निघालीय. "काही होत नाही मॅडम, नॅचरल हाय" असं वर सांगणार. मी काही डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पण आमच्या घरात गेल्या वर्षभरात या एका गोळीवर इतकी चर्चा झालीय की लिहून टाकलेलं बरं, कारण तीन माणसांच्या तीन वेगळ्या तक्रारी आणि सगळ्यांना सल्ला मात्र एकच मिळायला, मेलाटोनिन घ्या.

तर आधी ते मेलाटोनिन काय ते सांगते. ही झोपेची गोळी नाही. म्हणजे आल्प्राझोलम किंवा झोल्पिडेम जसं मेंदूला दाबून झोपवतात तसं हे करत नाही. मेंदूत मधोमध पिनिअल नावाची वाटाण्याहूनही लहान ग्रंथी असते, ती अंधार पडल्यावर मेलाटोनिन सोडते, आणि मेलाटोनिनचं काम एवढंच की सगळ्या शरीरात दवंडी पिटायची, रात्र झाली हो. दवंडी ऐकून कोण झोपतं कोण नाही, ते दवंडीवाल्याच्या हातात नसतं. आपलं साधारण झोपायच्या दोन तास आधी हे रक्तात वाढायला लागतं आणि डोळ्यावर लख्ख उजेड पडला की थांबतं, त्यातल्या त्यात निळसर उजेडानं जास्त. माणसाचं मेलाटोनिन भगभगीत प्रकाशानं दबतं हे १९८० मध्ये दाखवून दिलं गेलं, तोवर लोकांना वाटायचं की हे जनावरातच होतं.

गंमत म्हणजे हे सापडलं ते झोपेच्या शोधात नाहीच. अमेरिकेत येल विद्यापीठात अ‍ॅरन लर्नर म्हणून कातडीचे डॉक्टर होते, त्यांना कातडीचा रंग बदलणारं काहीतरी शोधायचं होतं, कारण १९१७ सालीच कुणीतरी बघून ठेवलेलं की गायीच्या पिनिअलचा अर्क बेडकाच्या पिल्लांना दिला की त्यांची कातडी फिकी पडते. मग या लर्नर साहेबांनी खाटीकखान्यातून गायीबैलांच्या ढीगभर ग्रंथी आणून १९५८ मध्ये हा पदार्थ वेगळा काढला. माणसाचा रंग काही उजळला नाही. उजळला असता तर आपल्याकडं ती गोळी झोपेसाठी नाही, लग्नासाठी खपली असती.

झोप लागायला याचा फायदा किती? २०१३ मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र करून हिशोब काढलेला, झोप सरासरी सात मिनिटं लवकर लागते. सात मिनिटं! म्हणून तर अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ च्या सूचनांमध्ये नेहमीच्या निद्रानाशाला मेलाटोनिन देऊ नका असंच सुचवलं. पण याचा अर्थ गोळी फालतू आहे असा पण नाही, ज्याचं घड्याळच सरकलंय त्याला ती चालते, आणि काही डोकेदुख्यांना चालते. हे दुसरं मला आत्याबाईंमुळं कळलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, साठी ओलांडलेल्या. बाईनं आयुष्यात कधी डोकं दुखतं म्हणून पडून राहिलेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला लागलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की रात्री दोन-अडीचला ह्या उठून बसलेल्या असतात. आधी वाटलं गरम होत असंल, मे महिन्यात परभणीत रात्री पण भिंती भाजतात. पण नाही. कपाळाला फडकं करकचून बांधून, दोन्ही कानशिलं हातानं दाबत बसलेल्या. विचारलं तर, "काही नाही गं, डोस्कं उठलंय, होतंय कमी, झोप तू." आणि तासाभरात खरंच कमी व्हायचं. पण पडून राहवायचं नाही त्यांना, खाली यायच्या, लाईट लावून तूर निवडत बसायच्या. पहाटे उठून बघावं तर ताटात खडे एकीकडं, डाळ एकीकडं, आणि बाई गाढ झोपलेली.

मग सुरू झालं सगळ्यांचं. पित्त हाय. चष्म्याचा नंबर वाढला असंल. शेजारच्या काकू म्हणल्या नजर लागली, मीठमोहरी ओवाळा. ननंदबाईनं फोनवर सांगितलं सुंठ उगाळून लेप लावा, तो पण लावला, कपाळ भाजल्यासारखं लाल झालं आणि डोकं आपलं दोनला हजर. जायफळ उगाळून दुधातून दिलं, झोप छान लागायची हो, पण दोनला उठायच्याच. आणि या सगळ्यात मेडिकलवरची दुखण्याची गोळी रोज एक, कधी दोन. ही गोष्ट मला नंतर कळली तेव्हा धस्स झालं, की महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस साधी पेनकिलर घेत राहिलं, आणि कॉम्बिनेशनवाली असंल तर दहाच दिवस, असं तीन-चार महिने चाललं की त्या गोळीमुळंच डोकं दुखायला लागतं. डॉक्टर लोकांत त्याला स्वतंत्र नावच आहे.

शेवटी संभाजीनगरला एका न्यूरॉलॉजिस्टकडं नेलं. डॉक्टरांनी अर्धा वेळ नुसते प्रश्न विचारले, आणि त्या प्रश्नांतच सगळं होतं असं मला आता वाटतं. दिवसा कधी दुखतं का? दुपारी झोपल्यावर? एकाच बाजूला का दोन्ही? डोळा लाल होतो का, पाणी येतं का, नाक गळतं का? दुखायला लागलं की अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालता का? उलटी, उजेड सहन न होणं? घोरता का? (यावर मामंजी पहिल्यांदा बोलले, "आमी दोघंबी घोरतो साहेब.") सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का रात्रीतून उठवतं?

एकेक प्रश्न एकेका आजाराचा होता. डोळ्याभोवती सळई खुपसल्यासारखं, एकाच बाजूला, डोळ्यातून पाणी, आणि माणूस भिंतीवर डोकं आपटावं इतका सैरभैर, तर ती क्लस्टर नावाची डोकेदुखी. ते पण रात्रीच उठवतं, ठरल्या वेळी. त्याला १०० टक्के ऑक्सिजन मास्कनं देतात आणि सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन असतं. त्यात पण मेलाटोनिन वापरून बघितलेलं आहे, १९९६ मध्ये इटलीत वीस जणांवर, दहा जणांना रात्री १० मिलिग्रॅम दिलं, त्यातल्या पाच जणांना गुण आला, औषध नसलेली नुसती खोटी गोळी दिलेल्यांत एकालाही नाही. वीसच माणसं म्हणा, पण आहे. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असंल तर सकाळी उठल्या उठल्या डोकं जड, त्याला मेलाटोनिन काय कामाचं, त्याला रात्रीचं मशीन लागतं. बीपी फक्त रात्री चढत असंल तरी असंच दुखू शकतं, म्हणून आत्याबाईंना चोवीस तास बीपी मोजणारा पट्टा बांधून पाठवलं, दर थोड्या वेळानं तो दंडावर फुगायचा आणि ह्या त्याला शिव्या द्यायच्या. एमआरआय पण काढला, कारण पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेली डोकेदुखी आधी बघूनच घ्यायची असते, गाठ आहे का, डोक्यात रक्त साकळलंय का, कानशिलाची रक्तवाहिनी सुजलीय का. हे कुणाच्याही घरी असलं तर गोळ्यांच्या आधी हेच करा, पैसे जातात पण करा.

सगळं नॉर्मल आलं. आणि मग नाव कळलं, हिप्निक हेडेक. फक्त झोपेतच होतं, जागेपणी कधीच नाही, महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांच्या वर, आणि उठल्यावर पंधरा मिनिटांपासून चार तासांपर्यंत चालतं. बहुतेक पन्नाशीच्या पुढं, बायकांत जास्त. ठरल्या वेळी उठवतं म्हणून त्याला अलार्म घड्याळाची डोकेदुखी पण म्हणतात. रास्किन नावाच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये पहिल्यांदा याचं वर्णन केलं, म्हणजे आजार म्हणून बघितलं तर माझ्यापेक्षा लहान आहे. जीवाला धोका नाही. हे वाक्य ऐकल्यावर आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं, कारण त्यांच्या मनात कॅन्सर होता हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

आणि औषध काय दिलं असंल? कॉफी! झोपायच्या आधी एक कप कडक कॉफी. मामंजींनी परत विचारलं, "झोपायच्या आधी साहेब?" हो, झोपायच्या आधी. या डोकेदुखीत ४० ते ६० मिलिग्रॅम कॅफीन रात्री घेतलं तर बऱ्याच जणांचं दुखणं थांबतं आणि झोप पण मोडत नाही, का मोडत नाही ते धड कुणी सांगत नाही. आता आमच्या घरात कॉफी फक्त पाहुणे आले तरच. पहिलं पाकीट आणलं ते स्वस्तातलं, त्यानं ढिम्म फरक पडला नाही, मग मी पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली तर त्यात निम्म्याच्या जवळपास चिकोरी. चिकोरीत कॅफीन नसतंय. बिनचिकोरीची आणली, दुधात नाही पाण्यात केली, साखर कमी. आत्याबाईंनी तोंड वाकडं करून प्यायली, कडू काढा म्हणून. पण रात्री उठणं निम्म्यावर आलं.

निम्मंच. आणि अ‍ॅसिडिटी सुरू झाली. मग पुढच्या वेळी डॉक्टरांनी मेलाटोनिन ३ मिलिग्रॅम लिहून दिलं, झोपायच्या तासभर आधी, रोज त्याच वेळी. म्हणजे बघा, जी गोळी मेडिकलवर पहिल्या दिवशी मिळाली असती तीच शेवटी मिळाली, पण मधे ते सगळं तपासून झालेलं होतं आणि पेनकिलर बंद झालेली होती. याला लिथियम पण देतात, सगळ्यात जुना इलाज तोच, पण त्यात रक्ताच्या तपासण्या, थायरॉइड, किडनी सगळं बघत राहावं लागतं, आणि इंडोमेथासिन नावाची दुखण्याची गोळी पण देतात, ती बीपीवाल्या आणि पित्ताच्या माणसाला नको. मेलाटोनिन त्यातल्या त्यात गरीब औषध. डॉक्टरांनी हे पण स्पष्ट सांगितलं की या आजारात कुठल्याच औषधाची मोठी चाचणी झालेली नाही, थोड्या थोड्या पेशंटच्या अनुभवावर चाललंय. मला हे सांगणारा डॉक्टर आवडतो. आता आत्याबाई बहुतेक रात्री सलग झोपतात. एखाद्या रात्री उठतात, पण पूर्वीसारखं फडकं बांधायची वेळ येत नाही.

हे गुणाचं ऐकून आमच्या धाकट्या भाऊजींनी पण फोन केला, वहिनी ती गोळी मला पण पाठवा. भाऊजी गावाकडं शेती बघतात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात. त्यांची डोकेदुखी वेगळी, अर्धशिशी, वीस वर्षांची, उलटी झाल्याशिवाय उतरत नाही. आणि तिकडं शेतीला थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात बारा वाजता मोटार चालू करायची, हरभऱ्याला पाणी धरायचं, बॅटरी डोक्याला बांधून, पायात गमबूट, साप-विंचू बघत दंड फोडायचे, पहाटे येऊन झोपायचं. दुसऱ्या आठवड्यात परत दिवसा. आता मला सांगा, शरीराला कळणार कसं की रात्र कुठली? दर आठवड्याला विमानानं परदेशात जाऊन आल्यासारखं यांचं जेट लॅग चालू, तेही चिखलात उभं राहून. त्या आठवड्यात अर्धशिशी हमखास उठते.

अर्धशिशीला मेलाटोनिन चालतं का? २०१६ मध्ये ब्राझीलमध्ये मोठी तुलना झाली, ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन, २५ मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलिन (अर्धशिशी टाळायला देतात ते जुनं औषध) आणि खोटी गोळी, तीन महिने. मेलाटोनिन खोट्या गोळीपेक्षा सरस आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिनच्या तोडीला तोड ठरलं, वर वजन वाढणं-सुस्ती असले त्रास कमी. पण त्याआधी २०१० मध्ये नॉर्वेत २ मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी गोळी वापरली तर काहीच फरक दिसला नव्हता. म्हणजे एका चाचणीवर नाचू नये. आणि भाऊजींच्या बाबतीत अजून एक पाचर होती, ते अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉल घेतात, जे बीपीला पण देतात, आणि प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅटेनोलॉल असली औषधं रात्रीचं स्वतःचं मेलाटोनिनच कमी करतात. एका हातानं डोकं सांभाळायचं, दुसऱ्या हातानं झोप काढून घ्यायची. म्हणून मी गोळी पाठवली नाही, डॉक्टरांना दाखवा म्हणलं, आणि प्रोप्रॅनोलॉल मनानं एकदम बंद करू नका हे तीनदा सांगितलं, कारण ते अचानक सोडलं तर छातीत धडधड, बीपी, नको ते होतं. भाऊजी म्हणले, "ते जाऊ द्या वहिनी, दिवसा लाईट द्यायला सांगा कुणाला तरी." बरोबर आहे त्यांचं.

तिसरा आमचा भाचा, लातूरला नीटच्या क्लासला. लातूर पॅटर्न म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, पोरं रात्री दोन-तीनपर्यंत अभ्यास करतात, त्यातला किती अभ्यास आणि किती मोबाईल ते त्यांनाच माहीत. याला रात्री तीनशिवाय झोप येईना, सकाळी सातला क्लास, तिथं डुलक्या. कुणाचं तरी बघून त्यानं ऑनलाईन मेलाटोनिनची गमी, म्हणजे चघळायची गोड गोळी, मागवली, स्ट्रॉबेरीची, आणि झोपताना दोन खायचा, नाही लागली तर अजून एक. अशा पोराचं घड्याळ पुढं सरकलेलं असतं, वयानं पण सरकतं थोडं, आळशीपणा नसतो तो सगळा. यात मेलाटोनिन खरंच कामाचं आहे, पण झोपताना नाही, झोपेच्या काही तास आधी घ्यावं लागतं, आणि थोडंसं, अर्धा मिलिग्रॅम पण पुरतं बऱ्याच जणांना. जास्त घेतलं म्हणजे जास्त झोप असं नाहीच, उलट सकाळी गुंगी, चित्रविचित्र स्वप्नं, आणि हसू नका, डोकेदुखी. हो, मेलाटोनिनच्या दुष्परिणामांच्या यादीत डोकेदुखी चांगली वरच्या नंबरला आहे.

आणि गमीत काय असतं याची खात्री नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत पंचवीस गम्या तपासल्या, त्यातल्या बावीसमध्ये लेबलवरच्या आकड्याचा आणि आतल्या मालाचा मेळ नव्हता, एकात तर मेलाटोनिनच नव्हतं, आणि एकात लिहिल्याच्या तिप्पटीहून जास्त. तिकडं हे १९९४ च्या कायद्यापासून खाद्यपूरक म्हणून विकतात, औषधाची कडक तपासणी लागत नाही. युरोपात मात्र २००७ मध्ये ५५ वर्षांपुढच्यांसाठी २ मिलिग्रॅमची गोळी रीतसर औषध म्हणून मंजूर केलेली. म्हणून भाच्याला सांगितलं, गमी बंद, लातूरच्याच डॉक्टरला दाखव, सकाळी क्लासला रिक्षानं नको, चालत जा म्हणजे डोळ्यावर ऊन पडतं, सकाळचा उजेड घड्याळ मागं ओढतो. चालत जायचं त्यानं मान्य केलं. मोबाईलचं तेवढं ऐकलं नाही.

अजून एक, कारण मागच्या आठवड्यात शाळेतल्या एका मॅडमनी विचारलं. त्यांना मानसोपचारवाल्यांनी अ‍ॅगोमेलाटिन दिलंय आणि त्यांना वाटलं ते मेलाटोनिनच. नाही. मेलाटोनिन शरीरात ज्या कुलुपाला किल्लीसारखं लागतं त्याच कुलुपाला ते पण लागतं, पण ते डिप्रेशनचं औषध आहे, आणि त्यात लिव्हरच्या तपासण्या वेळोवेळी कराव्याच लागतात, लिव्हर खराब असंल तर देतच नाहीत. तसंच रॅमेल्टिऑन, अमेरिकेत २००५ मध्ये झोप लागण्यासाठी मंजूर झालं, ते पण त्याच कुलुपाचं. आणि फ्लुवॉक्सामिन नावाचं मानसोपचारातलं औषध चालू असंल तर मेलाटोनिन नकोच, रक्तातलं प्रमाण कितीतरी पटीनं वाढतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असंल तरी आधी विचारा.

ज्यांच्या घरी कुणी रात्री डोकं धरून उठतं त्यांनी डॉक्टरकडं जायच्या आधी एक वही करा. किती वाजता उठले, कुठं दुखतं, डोळ्याला पाणी आलं का, किती वेळ राहिलं, कुठली गोळी घेतली, रात्री घोरण्याचा आवाज मधेच बंद पडून दचकून सुरू होतो का. आमच्या डॉक्टरांनी आत्याबाईंची वही बघितल्यावर पहिल्यांदा मान हलवली, रिपोर्ट नंतर बघितले. वही म्हणजे काय, भाच्याच्या जुन्या रफबुकची मागची पानं, आणि त्यांना घड्याळ नीट दिसत नाही म्हणून मामंजींनी त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, "२.१०. उठली. डाळ निवडली. ३ ला झोपली."

आता डॉक्टर म्हणालेत की दिवाळीनंतर गोळी बंद करून बघू, काही जणांचं हे दुखणं आपणहून थांबतं. आत्याबाईंना गोळी बंद करायला काही हरकत नाही, त्यांचं म्हणणं एवढंच की गोळी बंद झाली तर चालंल पण ती कॉफी परत सुरू करू नका.